न फेडलेल्या नोटा

गेल्या दसऱ्याला हुबळीहून सासूबाई आल्या होत्या. दुपारची जेवणं आटोपली होती आणि मी टेबलावर माझा अल्बम उघडून बसलो होतो. त्यांनी चष्मा लावून एका पानावरची मळकट, कडा झिजलेली नोट बराच वेळ निरखली आणि विचारलं, "ई नोट नडीतैतेन्री?"

"इल्लरी अत्ती, नडियंगिल्ल."

"मत्त याक तगोंड्री?"

चालत नाही, तर घेतली कशाला? हा प्रश्न आमच्या घरात मराठीतून आधीच विचारून झालेला आहे. आईने विचारला, अक्काने विचारला, बँकेत असलेल्या मित्राने तर हसत हसत चारचौघांत विचारला. अत्तींना मी "छंद आहे" एवढंच सांगून सुटलो. पण खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि ते या सदरात लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझ्या अल्बमात आहेत एकोणिसाव्या शतकातल्या कॅरिबियन बेटांच्या नोटा. आता बेळगावात बसून कुणी शिवकालीन होन जमवील, संस्थानी नाणी जमवील, हे कुठलं खूळ असं तुम्हाला वाटेल. त्याचं मूळ अप्पांच्या एका वहीत आहे. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकून आला, आणि पहिल्याच मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा केल्या, तेव्हा अप्पा विशीत होते. त्यांनी त्या दौऱ्याची वर्तमानपत्रातली सगळी कात्रणं खळीने वहीत चिकटवून ठेवली होती. लहानपणी मला ती वही चाळायला मिळायची. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन, जॉर्जटाऊन ही नावं मला धारवाड आणि गदगच्या आधी पाठ झाली. अप्पा कुठलाही कागद फेकत नसत. हे पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

पहिली नोट बंगळूरच्या एका नाणे-नोटा प्रदर्शनात मिळाली. एका विक्रेत्याकडे 'इतर देश' असं लिहिलेला पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात ती पडलेली होती. हैती. दोन गुर्द. अठराशे रुपये सांगितले, पंधराशेला दिली. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हैतीच्या कर्जाची गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती. ते कर्ज असं हातात घेता येईल हे मात्र ठाऊक नव्हतं.

ती गोष्ट अशी. हैती ही फ्रान्सची साखर आणि कॉफी पिकवणारी वसाहत. तिथल्या गुलामांनी बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश जाहीर केला. एकवीस वर्षांनी, १८२५ मध्ये, फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने लढाऊ जहाजं पाठवली आणि निरोप दिला की तुमचं स्वातंत्र्य आम्ही मान्य करतो, पण आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक द्या, पाच वार्षिक हप्त्यांत. नुकसान कसलं? जमिनींचं, आणि एकेकाळी जी 'मालमत्ता' होती त्या माणसांचंही. म्हणजे जे गुलाम होते त्यांनीच आपल्या सुटकेची किंमत जुन्या मालकांना चुकवायची.

राष्ट्राध्यक्ष बॉयर यांनी ती अट मान्य केली. पहिला हप्ता ३ कोटींचा. तिजोरीत तेवढे पैसे नव्हते, म्हणून पॅरिसमधूनच कर्ज काढलं. कर्ज ३ कोटींचं, हातात पडले २ कोटी ४० लाख. उरलेले सावकारांनी आधीच कापून घेतले. आपल्याकडे खेड्यात सावकार पहिल्या महिन्याचं व्याज मोजून बाजूला ठेवतो आणि बाकीचे पैसे पुढे सरकवतो, तोच हिशेब. १८३८ मध्ये फ्रान्सने एकूण रक्कम ९ कोटींवर आणली खरी, पण या भरपाईपायी काढलेल्या कर्जांचं शेवटचं देणं फिटायला १९४७ साल उजाडलं. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी हैतीचे लोक आपल्या स्वातंत्र्याचा हप्ता संपवत होते.

चांदी देशाबाहेर चालली, मग घरात कागद आला. माझ्या नोटेवर कायद्याची तारीख आहे १६ एप्रिल १८२७. पण नोट त्याच वर्षीची असेल असं नाही, कारण त्या एकाच कायद्याचं नाव घेऊन पुढे कित्येक वर्षं नोटा छापल्या गेल्या. नवखा संग्राहक इथे हमखास फसतो. मीही पहिले सहा महिने ती १८२७ ची म्हणून मिरवत होतो. छपाई साधी, कागद पातळ, सह्या शाईच्या. मजकूर सगळा फ्रेंचमध्ये. हैतीचा सामान्य माणूस तेव्हाही क्रेओल बोलत होता, आजही बोलतो. म्हणजे ज्याच्या खिशात ती नोट होती त्याला तीवरचं वचन वाचता येत नव्हतं. आपली शंभराची नोट उलटून बघा. भाषांच्या त्या पट्टीत चौथी ओळ कन्नड आणि आठवी मराठी. आमच्या घरात मुलांना नोटेवरून दोन्ही लिपी ओळखायला शिकवलं आहे. हैतीच्या त्या शेतकऱ्याला तेवढीही सोय नव्हती.

नोटा छापत गेले, भाव घसरत गेला. १८७२ मध्ये ते जुनं कागदी चलन मागे घेतलं तेव्हा दर ठरला तीनशे कागदी गुर्दांना एक चांदीचा पियास्त्र. माझी दोनाची नोट कुणी तेव्हा बदलायला नेली असती तर त्याला पियास्त्रचा दीडशेवा भाग मिळाला असता. तेवढ्यासाठी डोंगरातून शहरापर्यंत कोण चालत जाणार? कुणीतरी ती पेटीत टाकली असेल, विसरला असेल, आणि म्हणूनच ती आज बेळगावात आहे.

हे माझ्या डोक्यात आलं ते पुढच्या खटाटोपामुळे. हैतीनंतर मला अप्पांच्या वहीतल्या गावांची नोट हवी होती. पोर्ट ऑफ स्पेनची किंवा ब्रिजटाऊनची. त्या काळी इंग्रजांच्या बेटांवर मोठी बँक एकच, 'कलोनियल बँक'. १८३६ मध्ये लंडनमध्ये तिला राजाची सनद मिळाली आणि पुढच्याच वर्षी बेटांवर शाखा उघडल्या. वेळ बघा. इंग्लंडने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा नुकताच केला होता आणि मालकांना भरपाई म्हणून २ कोटी पौंड मंजूर केले होते. गुलामांना एक पैही नाही. शिवाय 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना १८३८ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. मजुरी रोखीने द्यायचे दिवस येत होते, भरपाईचा पैसा खेळत होता, आणि अशा वेळी बँक आली.

या बँकेच्या नोटेची मला फार मौज वाटते. बेटांवरचे लोक जुन्या स्पॅनिश चांदीच्या डॉलरवर हिशेब करत आणि लंडनची खतावणी पौंड-शिलिंगात. म्हणून नोटेवर दोन्ही. पाच डॉलर, म्हणजेच एक पौंड दहा पेन्स, कारण एक डॉलर म्हणजे चार शिलिंग दोन पेन्स. आमच्या खडेबाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड बघून एकाला 'पन्नास' आणि दुसऱ्याला 'ऐवत्तु' सांगतो, तसंच. रक्कम तीच, कान वेगळे. त्रिनिदादला ऊस कापायला गेलेल्या हिंदी करारबद्ध मजुराला दिवसाच्या ठरलेल्या कामाचे पंचवीस सेंट मिळत. बिहार, संयुक्त प्रांत आणि मद्रासकडून १८४५ ते १९१७ या काळात लाखाहून अधिक माणसं तिकडे गेली. आपल्या भागातली फारशी नव्हेत. त्यांतल्या एखाद्याला ही पाचाची नोट हातात धरायची तर वीस दिवसांची मजुरी एकत्र लागली असती, तीही काही न खाता.

तर ही नोट मी शोधू लागलो. मुंबईतल्या दोन विक्रेत्यांना सांगून ठेवलं. लिलावांच्या याद्या मागवल्या. दोन वर्षं गेली. जे दिसे ते एक तर 'नमुना' असा शिक्का मारलेलं, आरपार भोकं पाडलेलं, म्हणजे कधी चलनात न गेलेलं. किंवा मग खरी वापरलेली नोट, आणि तिच्या किमतीत आमच्या घराचा वरचा मजला झाला असता. शेवटी एका वयस्क विक्रेत्याने फोनवर समजावलं. "सर, ही बँक बुडालीच नाही. १९२५ मध्ये बार्कलेजमध्ये विलीन झाली. जो कोणी नोट घेऊन गेला त्याला पैसे मिळाले आणि नोट रद्द होऊन नष्ट झाली. तुम्हाला कुठून मिळणार? बुडालेल्या बँकेची मागा, देतो."

मी बराच वेळ फोन हातात धरून उभा होतो. मी वीस वर्षं वर्गात फळ्यावर लिहीत आलो की नोट म्हणजे वचन. वचन पाळलं की कागद संपतो, हा त्याचा सरळ अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. बार्बाडोसची 'वेस्ट इंडिया बँक' १८४७ मध्ये साखरेच्या मंदीत बुडाली. अशा बँकांचे कागद लोकांच्या पेट्यांत तसेच पडून राहिले, कारण ते घेऊन जायला खिडकीच उरली नव्हती. मग मी अल्बम पुन्हा पहिल्या पानापासून पाहिला. क्यूबाच्या नोटा घ्या. 'बँको एस्पान्योल'ची १८९६ ची एक नोट माझ्याकडे आहे, न्यूयॉर्कच्या अमेरिकन बँक नोट कंपनीने छापलेली. आमच्या लग्नपत्रिकेपेक्षा कितीतरी देखणी, अजून करकरीत. क्यूबात तेव्हा स्पेनविरुद्ध युद्ध पेटलं होतं. जनरल वेलरने खेड्यापाड्यांतल्या माणसांना छावण्यांत कोंडलं होतं आणि सैन्याचा खर्च या कागदावर चालला होता. काही नोटांवर लाल शाईत 'प्लाता', म्हणजे चांदी, असं वरून छापलेलं असतं. लोकांनी त्या लाल अक्षरांवर विश्वास ठेवला नाही. सक्ती झाली, तरी भाव पडतच गेला. १८९८ मध्ये स्पेनची सत्ताच गेली. माझी नोट इतकी करकरीत का, त्याचं कारण मला आता वेगळं सांगायची गरज नाही.

पण त्याच क्यूबाची आणखी एक नोट आहे, जी मी फक्त चित्रात पाहिली आहे. १८६८ च्या ऑक्टोबरात कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस या मळेवाल्याने आपल्या गुलामांना मुक्त केलं आणि स्पेनविरुद्ध बंड पुकारलं. पुढच्या वर्षी बंडखोरांच्या प्रजासत्ताकाने नोटा काढल्या. देश अजून जंगलात होता आणि त्याचं चलन मात्र छापून तयार होतं. त्यांतल्या काही नोटांवर सेस्पेदेसची हाताने केलेली सही आहे. तो १८७४ मध्ये स्पॅनिश सैनिकांच्या गोळीला बळी पडला आणि १८७८ मध्ये ते युद्ध स्वातंत्र्याविनाच थांबलं. त्याही नोटा फेडल्या गेल्या नाहीत. आता वेलरची नोट आणि सेस्पेदेसची नोट संग्राहकाच्या एकाच पानावर बसतात, दोन्ही न फेडलेल्या. पण त्या सारख्या आहेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकाने देता येईल या आशेवर स्वतःची सही केली होती. दुसऱ्याने लोकांना घ्यायला लावलं होतं.

इथे मला अप्पांबद्दल लिहावं लागेल.

अप्पा मराठी शाळेत मास्तर होते. २००१ साली निवृत्त झाले तेव्हा मिळालेल्या रकमेचे त्यांनी दोन भाग केले. एक पोस्टात ठेवला. दुसरा, एक लाख ऐंशी हजार, एका सोसायटीत, कारण तिथे व्याज दोन टक्के जास्त होतं आणि संचालकांतले दोघे त्यांचेच जुने विद्यार्थी होते. तो भाग अक्काच्या लग्नासाठी होता. २००४ मध्ये एका सोमवारी सोसायटीचं शटर उघडलं नाही. त्यानंतर कित्येक सोमवार अप्पा सायकलवरून तिथे जाऊन येत. आम्ही विचारलं की म्हणायचे, "बाजारात गेलो होतो." अक्काचं लग्न कर्ज काढून झालं. ते कर्ज मी नोकरी लागल्यावर फेडलं. त्या विद्यार्थ्यांविषयी अप्पा कधी वाईट बोलले नाहीत, आणि त्यांच्या घरासमोरच्या रस्त्यानेही पुन्हा कधी गेले नाहीत. २०१३ मध्ये ते गेले.

मध्यंतरी त्यांची ट्रंक आवरायला काढली. क्रिकेटची वही होती, शाळेची हजेरीपत्रकं होती, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोसायटीची ठेव पावती. गोल शिक्का, दोन सह्या, अक्षरी रक्कम. पोस्टातल्या पैशाचा एकही कागद ट्रंकेत नव्हता. कसा असणार? मुदत संपली, अप्पांनी सही केली, पैसे घेतले, कागद पोस्टात जमा झाला. त्या पैशातून आमच्या घराचं छप्पर झालं, माझं एम. ए. झालं, आणि त्याचा पुरावा म्हणून दाखवायला कागदाचा तुकडा नाही.

पावतीची अवस्था वाईट होती. इथे एक कामाची गोष्ट सांगतो, कारण पुष्कळ घरांत हीच चूक होते. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जुना कागद ठेवू नका. आपल्याकडचा चार महिन्यांचा पावसाळा आणि ते प्लॅस्टिक मिळून कागदाला चिकट करतात आणि शाई ओढून घेतात. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, घडी मोडायला इस्त्री फिरवू नका. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं मिळतात, ती थोडी महाग पडतात, पण नोटांसाठी मी तीच वापरतो.

पावतीवरच्या शिक्क्याची निळी शाई पिशवीला लागायला सुरुवात झाली होती. मी पिशवी हळूहळू सोडवली, कागद दोन दिवस टिपकागदात ठेवला आणि पॉलिएस्टरच्या पाकिटात घातला. मग अल्बमात हैतीच्या नोटेसमोरचं पान रिकामं होतं तिथे लावून पाहिला. मापाने बरोबर बसला. आई मागे येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही.

"हे काय करतोस?"

"नीट ठेवतोय आई. इथे खराब होणार नाही."

तिने पान आपल्याकडे ओढलं, पावतीवरची अप्पांच्या नावाची ओळ बोटाने वाचली. मग हैतीच्या नोटेकडे पाहिलं.

"ही तुझी सगळी बुडीत खात्यातली ना?"

"हो."

"मग हिला यात नको ठेवूस," ती म्हणाली. "ते पैसे अजून यायचे आहेत."

पावती पाकिटासकट ट्रंकेत गेली, क्रिकेटच्या वहीखाली. प्लॅस्टिकची पिशवी तेवढी मी टाकून दिली.